पांढऱ्या कापडावरची वेल

शाईचं पेन घरी भरायचं नाही, असा आमच्या घरात पूर्वी नियम नव्हता. आता आहे. तो नियम माझ्यामुळे झाला, हे सांगायला नकोच. आमच्या घरातले बहुतेक नियम माझ्यामुळेच झालेले आहेत.

त्याचं असं झालं. रविवार होता. सकाळी पेन उघडलं तर ते कोरडं. खरं तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन भरता आलं असतं. पण ऑफिसात शाईच्या बाटलीचा वापर करणारा मी एकटाच, त्यामुळे मी बाटली काढली की आजूबाजूचे सगळे कारकून काम सोडून बघत बसतात. "आले, आले, महाराज दौत घेऊन आले!" असं कुणीतरी म्हणतंच. म्हटलं, आज निवांत घरीच भरून टाकू. एवढाच निर्णय. यात कुणाचं काय वाकडं केलं होतं मी?

बायको बाहेर निघाली होती. चप्पल घालता घालता म्हणाली, "बाईंकडे जाऊन येते. हाताला प्लास्टर आहे त्यांच्या, बघून येते कशा आहेत. आणि अहो, खिडकीजवळच्या टेबलावर माझं कापड आहे. त्याला हात लावू नका."

"मी कशाला लावू?"

"तुम्ही कशाला लावाल ते मला कधीच कळलेलं नाही," असं म्हणून ती गेली.

आता हे कापड म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला नुसतं हसण्यासारखं वाटेल. माझी बायको भरतकाम शिकते. म्हणजे लग्न झाल्यापासून शिकतेच आहे. तिच्या बाई फार कडक. त्यांच्याकडे एक पद्धत आहे. शिकणाऱ्या बायका छापील नक्षीवर टाके घालतात, वर्षानुवर्षं घालतात. आणि मग कधीतरी बाईंना वाटलं की हिचा हात बसला, तर बाई स्वतः त्या शिष्येला कापडावर हातानं नक्षी काढून देतात. एकदाच. दुसऱ्यांदा नाही. कुणी मागायची नाही, कुणी आठवण करायची नाही. कितीतरी बायका वाट बघून कंटाळून विणकामाकडे वळल्या.

आणि गेल्या आठवड्यात बाईंनी माझ्या बायकोला वेल काढून दिली. जेवणाच्या टेबलावर पसरता येईल एवढ्या पांढऱ्या कापडावर, कडेनं फिरत गेलेली वेल आणि मधोमध एकमेकींकडे बघणाऱ्या दोन चिमण्या. बायको त्या दिवशी घरी आली ती कापड छातीशी धरून. जेवली नाही. मला तीनदा दाखवलं. (मी तिन्ही वेळा "वा!" म्हणालो. तिसऱ्यांदा जरा उशिरा म्हणालो, ते तिच्या लक्षात आलं.) दुसऱ्याच दिवशी बाई पायरीवरून घसरल्या आणि उजवा हात मोडला. आता प्लास्टर निघालं तरी पहिल्यासारखी रेघ येईल की नाही, डॉक्टरांना खात्री नाही. महिन्याभरानं त्या मुलाकडे परगावी राहायला जाणार. जायच्या आधी शिष्यांच्या कामाचं प्रदर्शन. म्हणजे त्या कापडावरची वेल ही बाईंच्या हातची शेवटचीच, असं धरून चालायचं.

तर अशा कापडाला मी हात लावला.

पण लावला तो काळजीपोटी! खिडकीजवळ उजेड चांगला, म्हणून मी पेन भरायला तिथं बसलो. कापडावर शाई पडू नये म्हणून ते उचललं, नीट घडी घातली आणि लांब खुर्चीच्या पाठीवर ठेवलं. टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरली. एखादा सर्जनसुद्धा एवढी तयारी करत नसेल.

बाटलीचं झाकण बसलं होतं घट्ट. फडक्यानं धरून फिरवलं, फिरेना. चमच्याच्या दांड्यानं ठोकलं, फिरेना. शेवटी बाटली दोन गुडघ्यांत धरली, डोळे मिटले आणि सगळा जोर लावला. झाकण निघालं. नुसतं निघालं नाही, निघून गेलं. ते पुढे कपाटामागे सापडलं.

शाई कुठे कुठे उडाली याचा हिशेब मी डोळे उघडल्यावर घेतला. बनियनवर. हातावर. टेबलाच्या नेमक्या त्या पट्टीवर, जिथं वर्तमानपत्र पुरलं नव्हतं. भिंतीवर. आणि लांब, सुरक्षित, घडी घातलेल्या कापडाच्या कोपऱ्यावर एक टपोरा थेंब. एवढं मोठं घर मोकळं पडलं होतं, पण शाईला तिथंच जायचं होतं.

माझी पाचावर धारण बसली. मी सरळ मेहुण्याला फोन लावला. हा बायकोचा धाकटा भाऊ. जगातल्या कुठल्याही विषयावर त्याच्याकडे उत्तर असतं, म्हणून आम्ही त्याला घरात 'तज्ज्ञ' म्हणतो. (तो ते कौतुक समजतो.)

"शाई? कसली शाई भाऊजी? बॉलपेनची की दौतीतली?"

"दौतीतली. निळी."

"मग सोपं आहे. चोळायचं नाही. आधी गार पाणी, मग गार दूध. खालून फडकं ठेवायचं, वरून टिपायचं. टेबलाला सॅनिटायझर. भिंतीला टूथपेस्ट."

"नक्की?"

"भाऊजी, मी कधी चुकलोय?"

यादी मोठी होती, पण वेळ नव्हता. मी टेबल पुसलं, टेबल चकाचक झालं. भिंतीला टूथपेस्ट लावून ब्रशनं घासलं. भिंतीवरचा डाग गेला, आणि त्याच्याबरोबर भिंतीचा रंगही गेला. निळ्या ठिपक्याच्या जागी बशीएवढा पांढरा चंद्र उगवला. म्हटलं, असू दे, भिंत कुणी प्रदर्शनात मांडत नाही.

मग कापड. फ्रीजमधलं दुधाचं भांडं काढलं आणि टिपायला बसलो. खरं सांगतो, ऑफिसात एवढ्या मन लावून मी कधी काम केलेलं नाही. टिप, बदल फडकं, टिप. निळा थेंब फिका झाला, मग आभाळी झाला, मग नुसती सावली उरली. भांड्यातलं दूध संपलं, पण डागही जवळजवळ संपला. साबणाच्या पाण्यानं दुधाचा वास घालवला. मी स्वतःच्या पाठीवर थाप मारली (बनियनला पाठीमागेही शाई होती, हे तेव्हा कळलं).

इथं मी थांबायला हवं होतं. शहाणा माणूस इथं थांबला असता.

पण कापडाचा कोपरा ओला होता. बायको केव्हाही येईल. ओला कोपरा दिसला की ती विचारणार. म्हणून मी इस्त्री काढली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जाड चादर घातली, कापड पसरलं आणि कोपरा वाळवला. मस्त वाळला. आणि मग माझ्या मनात चांगला विचार आला. माझं नुकसान नेहमी चांगल्या विचारानंच होतं. म्हटलं, एक कोपरा कडक आणि बाकीचं चुरगळलेलं बरं दिसत नाही. सगळ्यालाच फिरवू. बायको खूश होईल.

इस्त्री या टोकापासून त्या टोकाकडे सरसर निघाली. आणि तिच्या मागोमाग वेल गेली.

मला आधी वाटलं, चष्म्यावर वाफ आली. चष्मा पुसला. परत बघितलं. पानं नाहीत, फुलं नाहीत, चिमण्या नाहीत. इस्त्रीच्या पुढे जेवढी उरली होती तेवढीच वेल होती, आणि घाईघाईनं इस्त्री उचलायला गेलो तर तीही इस्त्रीखाली आली. पांढरं शुभ्र कापड. एका मिनिटापूर्वी मी शाईचा एक थेंब घालवायला धडपडत होतो. आता बाईंची अख्खी शाई घालवून बसलो होतो.

परत फोन.

"भाऊजी, ते खास पेन असतं," तज्ज्ञ शांतपणे म्हणाला. "उष्णतेनं जातं. भरतकाम झालं की इस्त्री फिरवून खुणा घालवायच्या, म्हणून वापरतात. ताईनं सांगितलं नाही तुम्हाला?"

"तिनं हात लावू नका एवढंच सांगितलं!"

"मग बरोबरच सांगितलं."

"अरे पण आता काय करू?"

"पेन असेल ना तिच्या डब्यात? परत काढा. तुम्ही बघितलीय ना वेल?"

बुडत्या माणसाला आपण कुणाचा सल्ला ऐकतोय हे बघायला वेळ नसतो. मी शिवणाच्या डब्यातून ते पेन काढलं आणि बसलो वेल काढायला. शाळेत चित्रकलेच्या मास्तरांनी माझी वही बघून नुसता उसासा टाकला होता, ते आठवत होतं, तरीही बसलो. वेल काढली, ती वेल कमी आणि भिंतीवरून लोंबणारी वायर जास्त वाटत होती. पानं काढली, ती पायमोजे झाली. मग डागाची सावली उरली होती त्या कोपऱ्यात एक चिमणी काढून बघितली. पोट मोठं झालं म्हणून डोकं मोठं केलं. डोकं मोठं झालं म्हणून शेपूट वाढवलं. शेवटी मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघंही खिन्न झालो.

हे बायकोला दाखवण्यापेक्षा कोरं कापड बरं. मी इस्त्री फिरवून माझी सगळी कलाकुसर पुसून टाकली. चला, निदान इतिहासात तरी ही चिमणी राहणार नाही.

तेवढ्यात बेल वाजली.

तुम्ही म्हणाल, सरळ सांगून टाकायचं. तेच ठरवलं होतं मी! पण दारातून दोन आवाज आले. बायकोचा आणि बाईंचा. बाई येणार आहेत हे कुणाला माहीत? ज्यांच्या हाताला प्लास्टर, त्यांच्यासमोर त्यांचीच वेल गेली असं कसं सांगू? दोन्ही हातांत कापड, समोर फ्रीज. बायकोनं कालच फ्रीजर रिकामा करून धुतला होता, आत बर्फाचा ट्रे सोडला तर काही नव्हतं. मी कापडाची घडी आत सारली, फ्रीज लावला, इस्त्री आणि चादर ओट्याखाली ढकलली, शाईच्या बनियनवर शर्ट चढवला आणि दार उघडलं.

"एवढा वेळ?" बायको म्हणाली. "आणि शर्टाची बटणं खालीवर का लागलीयत? बाई, या ना. बाईंना म्हटलं, चला घरी, मी कोणते रंग काढलेत ते वेलीवर ठेवून दाखवते."

बाई गळ्यातल्या झोळीत हात धरून सोफ्यावर बसल्या. "काय जावईबापू, बरे आहात?" शिष्येच्या नवऱ्याला त्या जावईबापू म्हणतात. इतकं प्रेमानं म्हणाल्या की मला रडू यायचं बाकी होतं.

"अहो, कापड कुठंय?" बायकोनं खिडकीजवळून विचारलं.

"ठेवलंय. अगदी सुरक्षित. आधी चहा करू या ना."

बायको चहा ठेवायला गेली आणि तिथूनच ओरडली, "दूध कुठं गेलं?"

"प्यायलो."

"भांडंभर?"

"अशक्तपणा वाटत होता."

हे मात्र खोटं नव्हतं. मला पिशवी देऊन दूध आणायला पिटाळलं. कोपऱ्यावरच्या दुकानात मी धावत गेलो आणि धावत आलो. वाटेभर एकच विचार, तिनं फ्रीजर उघडला असेल का? घरी आलो तर दोघी गप्पा मारत होत्या. जरा जिवात जीव आला. मी निळी बोटं खिशात घालून एका हातानं चहाचे कप आणून ठेवले.

"जावईबापूंचाही हात दुखावला का?" बाईंनी विचारलं.

"जरा चमक भरलीय."

"आणि त्या भिंतीला काय झालं?" बायकोनं विचारलं.

"ओल."

"सकाळी नव्हती."

"ओल अशीच येते. एकदम."

बायको माझ्याकडे बघत राहिली. संसारात नवऱ्याला एक नजर ओळखता यायला लागते. ती नजर म्हणते, आत्ता बाई आहेत म्हणून. मी दुसरा कप घ्या म्हणून बाईंना इतका आग्रह केला की त्यांनी घाबरून घेतला. मग मी त्यांना त्या कशा पडल्या ते विचारलं. त्यांनी सविस्तर सांगितलं. मग मी कोणती पायरी ते विचारलं. तेही सांगितलं. आता कोणत्या चपला होत्या हे विचारणार, एवढ्यात बाई म्हणाल्या, "बोटं सुजलीत गं. जरा बर्फ आहे का?"

"आहे ना, आणते," म्हणून बायको उठली.

"मी आणतो!" मी इतक्या जोरात ओरडलो की बाईंच्या कपातला चहा बशीत आला. मी स्वयंपाकघराकडे झेप घेतली, पण बायको जवळ होती. तिनं फ्रीजर उघडला.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली. "हे माझं कापड इथं कसं?"

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. मी निळा हात खिशातून बाहेर काढला. "अगं, शाई उडाली. डाग घालवला मी, खरंच घालवला. पण मग वाळवायला इस्त्री फिरवली, आणि... ते कोरं आहे गं. वेल गेली. सगळी गेली. चुकलो मी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पत्र्यासारखी गार पडलेली ती घडी तिनं छातीशी धरली, त्या दिवशी धरली होती तशीच, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. त्या क्षणी कुणी मला त्या फ्रीजरमध्ये बसायला सांगितलं असतं तर मी बसलो असतो.

बाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"उलगड ते," त्या म्हणाल्या.

"बाई, काही नाही हो त्यात आता."

"उलगड म्हणते ना मी."

बायकोनं टेबलावर घडी ठेवली आणि उलगडायला लागली. पहिली घडी उघडली, आणि एक पान दिसलं. मग देठ. मग फूल. मी चष्मा पुसला. सगळं कापड पसरलं तेव्हा मधोमध दोन चिमण्या एकमेकींकडे बघत होत्या, जशा होत्या तशा, एक रेघ इकडची तिकडे नाही.

"अगं बाई!" बायको म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली.

"ही शाई उष्णतेनं जाते आणि कडक गारठ्यानं परत येते," बाई म्हणाल्या. "माझी बहीण बर्फाच्या मुलखात असते. तिला मी उशीचा अभ्रा पाठवला होता, छान इस्त्री करून. तिनं सामान एक रात्र गाडीतच ठेवलं. सकाळी बघते तर अभ्र्यावर माझ्या सगळ्या खुणा. कोपऱ्यात मी लिहिलेलं 'इथे चुकलंय, कुणाच्या लक्षात येणार नाही' तेसुद्धा."

माझा जीव असा भांड्यात पडला की त्याचा आवाज शेजाऱ्यांनी ऐकला असावा. बायको हसत होती आणि रडतही होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिनं तो झटकला नाही. (निळा हात आहे हे लक्षात आल्यावर झटकला.) इतकं हलकं मला बढतीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. मी तर म्हणालोसुद्धा, "बघ, म्हणूनच मी फ्रीजरमध्ये ठेवलं होतं."

"हो का?" बायको डोळे पुसत म्हणाली, आणि मग कापडावर वाकली. "मग बाई, ही वायर कसली?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. परत आली होती ती फक्त बाईंची वेल नव्हती. सगळं परत आलं होतं. माझी वेल, माझे पायमोजे, सगळं. आणि कोपऱ्यात, फिकट सावलीवर बसून, ती माझ्याकडेच बघत होती.

"हा उंदीर कुणी काढला?" बाईंनी विचारलं.

"चिमणी आहे ती," मी म्हणालो.

बाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला. बराच वेळ बघितलं. मग त्या अशा हसायला लागल्या की त्यांना हात धरून बसावं लागलं. "अहो जावईबापू, एवढ्या वर्षांत माझ्या हाताखालून कितीजणी गेल्या, पण असा पक्षी कुणाला जमला नाही हो!" बायकोला तर बोलताच येईना. ती एकदा चिमणीकडे बघे, एकदा माझ्याकडे, आणि परत तोंडाला पदर लावी. मीही हसलो. काय करणार, तसं दिसतच होतं ते.

माझ्या रेघांवर टाके घालायचे नाहीत, काम पूर्ण झालं की शेवटी इस्त्री फिरवून सगळंच पुसायचं, असं ठरलं. पण कोपऱ्यातली सावली मात्र अजून दिसत होती. ती झाकायला काहीतरी हवंच होतं.

"ही चिमणीच भर तिथं, निळ्या दोऱ्यानं," बाई म्हणाल्या. "राहू दे जावईबापूंचा हात कापडाला."

मी वरवर नको नको म्हणालो. पण खरं सांगू? मला फार बरं वाटलं.

बायकोनं महिनाभर मान मोडून काम केलं. प्रदर्शनाच्या दिवशी ते कापड दारासमोरच मांडलं होतं आणि लोक त्याच्यापुढून हलत नव्हते. बाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "ही माझी वेल, आणि हा हिचा हात." बायकोचं तोंड असं फुललं होतं की मी दूध, इस्त्री, फ्रीजर सगळं विसरलो. आणि मीही, हात मागे बांधून, कोपऱ्यातल्या चिमणीजवळ जरा तिरका उभा राहिलो. कुणी विचारलंच तर सांगता यावं म्हणून.

एक वयस्कर बाई आल्या. वेल बघितली, चिमण्यांवरून बोट फिरवलं, "किती सुंदर, किती सुबक," म्हणत म्हणत कोपऱ्यापर्यंत आल्या. तिथं थबकल्या. वाकल्या. मी छाती पुढे काढली.

त्यांनी बायकोला हळूच बाजूला घेतलं.

"रागावू नकोस हं," त्या म्हणाल्या. "एवढं छान काम, म्हणून सांगते. इथं कोपऱ्यात शाईचा डाग पडलाय बघ. गार दूध लावून बघ, जाईल. आणि काही झालं तरी इस्त्री फिरवू नकोस."